पोर्टल तयार आहे, तरी संशोधक डेटा ईमेलवरच का मागतात?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्या संस्थेकडे पाण्याच्या गुणवत्तेच्या आणि हवामानाच्या बारा वर्षांच्या सेन्सर नोंदी आहेत. वर्षभर खपून तुम्ही पोर्टल उभं केलंत: नकाशा, आलेख, लॉगिन, डाउनलोडचं बटण, मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस. दाखवलंत तेव्हा सगळ्यांनी वाखाणलं. पण संशोधक अजूनही जुन्या डेटा मॅनेजरबाईंना ईमेल टाकून फाइल मागतात. आता डेटाबेस बदलावा का, क्लाउडवर जावं का, डॅशबोर्डमध्ये काय कमी पडतंय आणि लॉगिन ठेवावं की काढावं, हे तुम्हाला हवंय.

डेटाबेसचं आधी निकालात काढू. चाळीस केंद्रं, प्रत्येकी आठ घटक आणि दर पंधरा मिनिटांनी एक नोंद असं धरलं, तर बारा वर्षांत साधारण साडेतेरा कोटी आकडे होतात. नीट इंडेक्स केलेलं पोस्टग्रेस एवढं सहज पेलतं. तुमचा डेटा उपग्रहाच्या प्रतिमांचा किंवा जीनोमचा असता तर मी वेगळं बोलले असते. सध्या डेटाबेस बदलण्यात सहा महिने घालवलेत, तर सहा महिन्यांनीही ईमेल येतच राहतील.

कारण ईमेलवर लोकांना फाइलपेक्षा जास्त काहीतरी मिळतंय. कोणी विचारतं, ‘मागच्या पुराच्या वेळचा गढूळपणा हवाय.’ बाई फाइल पाठवतात आणि खाली दोन ओळी लिहितात: सातव्या केंद्राचा सेन्सर मध्येच बदलला, त्याआधीचे आकडे थोडे चढे आहेत, बाराव्या केंद्रावर दोन दिवस वीज नव्हती, तिथले शून्य म्हणजे शून्य नव्हे. ह्या दोन ओळींसाठी लोक ईमेल करतात. पोर्टल आकडे देतं, पण आकड्यांवर किती विसंबायचं ते सांगत नाही. ज्याला उद्या निष्कर्ष छापायचा आहे, तो विसंबता न येणारा आकडा घेऊन काय करील?

म्हणून पहिलं काम म्हणजे ते ईमेल. बाईंच्या परवानगीने मागच्या दोन-तीन वर्षांचे काढा आणि शांतपणे वाचा. कोण विचारतं, कशासाठी विचारतं, कुठल्या आकारात मागतं आणि उत्तर मिळाल्यावर पुन्हा काय विचारतं, हे एका तक्त्यात लिहा. दुसऱ्या ईमेलमध्ये जे विचारलेलं असतं, ते पहिल्या फाइलमध्ये असायला हवं होतं. तुमच्या पोर्टलसाठी ह्याहून चांगला गरजांचा दस्तऐवज कोणी लिहून देणार नाही.

मग लोकांशी बोला, पण ‘तुम्हाला पोर्टलमध्ये काय हवं?’ असं विचारू नका. त्यावर ‘चांगला नकाशा’, ‘सोपा इंटरफेस’ अशी उत्तरं येतात आणि त्यांतून काहीच बांधता येत नाही. ‘ह्या डेटावर शेवटचं काम केलंत ते मला सुरुवातीपासून करून दाखवा’ असं म्हणा आणि शेजारी बसा. फाइल उघडल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात ते हाताने जे जे करतात, ते टिपून घ्या. कोणी कॉलमची नावं बदलतं, कोणी वेळा सरकवतं, कोणी दोन फाइली जोडतं, कोणी एकेक संशयास्पद आकडा डोळ्यांनी हुडकून पुसतं. ही सगळी यंत्रणेची कामं आहेत, ती वापरणाऱ्याच्या गळ्यात पडली आहेत.

ह्या बाबतीत खगोलशास्त्रातलं एक उदाहरण मी नव्या लोकांना नेहमी सांगते. स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे ह्या आकाशाच्या मोठ्या पाहणीचा डेटा खुला करायचा होता, तेव्हा डेटाबेस क्षेत्रातले जिम ग्रे आणि खगोलशास्त्रज्ञ अलेक्झांडर सालाय हे एकत्र काम करत होते. ग्रे यांनी आधी टेबलं आखली नाहीत. ह्या डेटाला तुम्हाला विचारायचे असलेले सर्वांत महत्त्वाचे वीस प्रश्न मला द्या, असं त्यांनी खगोलशास्त्रज्ञांना सांगितलं. पाच प्रश्नांतून सर्वसाधारण चित्र दिसत नाही आणि शंभर मागितले तर नेमकं महत्त्वाचं काय ते हरवतं, म्हणून वीस. त्या प्रश्नांभोवती रचना झाली आणि त्या डेटाचं संकेतस्थळ स्कायसर्व्हर २००१ मध्ये लोकांसाठी खुला झाला. ह्या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे काम पूर्ण झालं की नाही ते ठरवायला वाद घालावा लागत नाही. वीस प्रश्न चालवायचे आणि उत्तरं किती वेळात येतात ते बघायचं.

तुमच्याकडे हे प्रश्न साधारण कसे दिसतील? ‘ह्या केंद्रावर विरघळलेला ऑक्सिजन सलग सहा तासांहून जास्त वेळ लिटरला चार मिलिग्रॅमच्या खाली कधी कधी गेला?’ ‘अमुक दिवशी जोराचा पाऊस झाला, त्यानंतर खालच्या अंगाच्या सगळ्या केंद्रांवर गढूळपणा किती तासांनी वाढला?’ ‘कॅलिब्रेशन तीस दिवसांपेक्षा जुनं असताना घेतलेल्या नोंदी वगळून सरासरी काढा.’ तिसरा प्रश्न नीट बघा. कॅलिब्रेशनच्या, म्हणजे सेन्सर ठाऊक प्रमाणाशी ताडून घेतल्याच्या, तारखा तुमच्या डेटाबेसमध्ये आहेत का? बहुतेक ठिकाणी त्या कुणाच्या तरी वहीत किंवा वेगळ्या स्प्रेडशीटमध्ये असतात. एका प्रश्नाने तुम्हाला एक अख्खं टेबल दिलं. कुठलाही डॅशबोर्ड न्याहाळून ते सुचलं नसतं.

डेटा ठेवायचा कसा, हेही प्रश्नांवरूनच ठरतं. एका ठिकाणची पूर्ण कालमालिका हवी असणारा आणि एका क्षणाचं सगळ्या प्रदेशाचं चित्र हवं असणारा, हे दोघे एकाच साठ्याला आडव्या आणि उभ्या दिशांनी कापतात. हवामानाच्या ग्रिड डेटात, म्हणजे नकाशावर चौकटी आखून प्रत्येकीला आकडा दिलेल्या डेटात, हे ठळक जाणवतं. दिवसाला एक फाइल ह्या हिशेबाने तीस वर्षांचे नकाशे ठेवले, तर एका बिंदूचं तापमान काढायला जवळपास अकरा हजार फाइली उघडाव्या लागतात. साठवणारा खूश असतो, कारण रोज एक नवी फाइल टाकली की त्याचं काम झालं. वापरणारा दिवसभर वाट बघतो. एचडीएफ-५ किंवा नेटसीडीएफ-४ ह्या वैज्ञानिक डेटाच्या फाइल-प्रकारांमध्ये डेटाचे तुकडे कोणत्या आकाराचे पाडायचे, हा निर्णय वरवर तांत्रिक दिसतो, पण तो कोणाच्या बाजूने घ्यायचा ते वापरणाऱ्यांकडे बघूनच ठरतं. दोन्ही प्रकारचे लोक भरपूर असतील तर डेटा दोन्ही प्रकारे ठेवावा. डिस्क त्यांच्या वेळेपेक्षा स्वस्त पडते.

आता तुमच्या डाउनलोड बटणाकडे येते, कारण सगळं घोडं तिथेच अडतं. तुम्ही जोडलेल्या नमुना सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या फाइलीत) ‘टेम्प’ नावाचा कॉलम आहे. कशाचं तापमान, पाण्याचं की हवेचं? कुठल्या एककात? वेळेचा कॉलम स्थानिक वेळेत की यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत? जिथे घड्याळं वर्षातून दोनदा पुढे-मागे करतात, तिथे स्थानिक वेळ ठेवली की वर्षातला एक तास दोनदा येतो आणि एक तास नाहीसा होतो. मध्ये मध्ये उणे ९९९९ आहेत. तुम्हाला ठाऊक आहे की ते ‘नोंद नाही’ असं सांगतात. नव्या विद्यार्थ्याला ते ठाऊक नसतं. शंभर नोंदींत असा एकच आकडा राहिला, तरी सरासरी तापमान शंभर अंशांनी खाली येतं. हे निदान डोळ्यांत भरतं तरी. खरी भीती रिकाम्या जागी शून्य भरण्याची, कारण शून्य अंश पाण्याला शोभतं आणि कोणाला संशयही येत नाही.

एककांची किंमत किती मोठी असू शकते, हे १९९९ मध्ये नासाच्या मार्स क्लायमेट ऑर्बिटर ह्या यानाच्या वेळी दिसलं. जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर आवेग पाउंड-सेकंदांत देत होतं, पुढची यंत्रणा तो न्यूटन-सेकंद समजून वापरत होती, आणि यान मंगळाजवळ गमावलं. तिथे दोन्ही बाजूंना निष्णात माणसं होती. आकड्याबरोबर त्याचं एकक न चुकता चाललं पाहिजे, ते कोणाच्या लक्षात असण्यावर सोडायचं नाही. हवामान आणि समुद्रविज्ञानात त्यासाठी सीएफ संकेत आहेत: प्रत्येक चलाचं प्रमाणित नाव, एकक, रिकाम्या जागेची खूण आणि कॅलेंडरसुद्धा. कॅलेंडर कशाला, असं वाटेल. पण काही हवामान प्रारूपांत प्रत्येक महिना तीस दिवसांचा आणि वर्ष ३६० दिवसांचं असतं. तिथे तीस फेब्रुवारी ही बिनचूक तारीख आहे. ती नेहमीच्या तारखांच्या प्रोग्रॅमला दिली की एक तर तो अडतो, किंवा गुपचूप एक किंवा दोन मार्च करून पुढे जातो.

तुमचे वापरकर्ते पायथन किंवा आर ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषा वापरतील असं तुम्ही गृहीत धरलंय. निम्मे तरी एक्सेलमध्येच फाइल उघडतील. त्यांना नावं ठेवून उपयोग नाही, हे जनुकशास्त्राने अनुभवलंय. ‘मार्च-१’, ‘सेप्ट-१’ अशा जनुकांच्या नावांना एक्सेल तारखा समजतं. एक्सेलच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत अशा चुका आहेत, असं २०१६ च्या एका पाहणीत आढळलं. सावध राहा, असं वर्षानुवर्षं सांगून झालं. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने नावंच बदलली: मार्च-१ चं ‘मार्चएफ-१’ झालं, सेप्ट-१ चं ‘सेप्टिन-१’. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. लोक जे साधन वापरतात ते वापरणारच, मग डेटा त्यात तगला पाहिजे. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोरोनाच्या सुमारे सोळा हजार रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत, कारण जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये ६५,५३६ च ओळी मावतात आणि पुढच्या ओळी गळत होत्या. तुमच्या केंद्रांच्या क्रमांकांत सुरुवातीला शून्य असेल तर एक्सेल तेही खाईल. क्रमांकाआधी एखादं अक्षर जोडा आणि मोकळे व्हा.

तेव्हा डाउनलोडमध्ये एवढं हवंच: कॉलमच्या नावात घटक आणि एकक, वेळ यूटीसीत, आणि हवी तर शेजारी स्थानिक वेळेचा वेगळा कॉलम, रिकामी जागा खरोखर रिकामी, प्रत्येक आकड्याशेजारी गुणवत्तेची खूण, आणि झिपमध्येच एक साधी मजकुराची फाइल, जिच्यात बाई ईमेलमध्ये लिहायच्या तशा ओळी असतील. त्या ओळी निवडलेल्या केंद्रांपुरत्या आणि काळापुरत्याच असाव्यात. सगळ्या केंद्रांचा चाळीस पानी दस्तऐवज कोणी वाचत नाही. सातव्या केंद्राच्या गढूळपणाशेजारी आलेली एक ओळ सगळे वाचतात.

गुणवत्तेच्या खुणेवर थोडं थांबते. संशयास्पद आकडे पोर्टलवरून काढून टाकल्याचं तुम्ही लिहिलंय. ते परत आणा. संशयास्पद काय, हे कामागणिक बदलतं. अंटार्क्टिकावरचा ओझोन घटत असल्याचं १९८५ मध्ये जमिनीवरच्या मापनांवरून छापून आलं. उपग्रहाच्या यंत्रणेत १८० डॉब्सन एककांखालचे (ओझोन ह्या एककांत मोजतात) आकडे ‘संशयास्पद’ अशी खूण करून बाजूला पडत होते, कारण इतका कमी ओझोन असू शकेल असं कोणाला वाटत नव्हतं. ते आकडे फेकून दिले होते असं अनेकदा सांगितलं जातं, पण तसं नव्हतं. खूण करून ते जपले होते, म्हणूनच पुढे त्याच उपग्रहाच्या नोंदींवरून ओझोनच्या विवराचे नकाशे काढता आले. पुसले असते तर हाती काही राहिलं नसतं. तुमच्याकडचा एखादा ‘अशक्य’ गढूळपणा म्हणजे वरच्या अंगाला कडा ढासळल्याची एकमेव नोंद असू शकते.

खुणा कशा कराव्यात, ह्याचा चांगला नमुना समुद्रात तरंगत आपोआप मोजमाप करणाऱ्या आर्गो फ्लोट ह्या यंत्रांच्या डेटात आहे. प्रत्येक मापनाला एक अंक असतो: १ म्हणजे चांगलं, २ बहुधा चांगलं, ३ बहुधा वाईट, ४ वाईट, ९ म्हणजे नोंदच नाही. शिवाय तोच डेटा दोनदा येतो. साधारण चोवीस तासांत आपोआप तपासलेला, आणि बऱ्याच महिन्यांनी तज्ज्ञांनी हाताने तपासून दुरुस्त केलेला. हवामानाचा अंदाज करणाऱ्याला आजचा डेटा आज हवा, थोडी चूक त्याला चालते. समुद्र किती तापतोय हे मोजणारा थांबायला तयार असतो, पण अंशाच्या शंभराव्या भागाची चूकही त्याला खपत नाही. एकाच डेटाचे हे दोन वापरणारे. दोघांना एकच ‘अंतिम’ फाइल दिली तर एकाचं तरी नुकसान ठरलेलं.

दुरुस्त्या म्हटल्या की आवृत्त्या आल्याच. टेरा उपग्रहावरचा मोडिस सेन्सर वर्षागणिक थोडा मंदावत गेला आणि पाचव्या आवृत्तीच्या डेटात त्यामुळे हिरवाई घटल्याचा खोटा कल दिसत होता. सहाव्या आवृत्तीत कॅलिब्रेशन सुधारलं. ज्याने निबंधात ‘मोडिस डेटा’ एवढंच लिहिलं, त्याचा निष्कर्ष कशावर उभा आहे ते वाचणाऱ्याला कळत नाही. तुम्ही सध्या जुना आकडा पुसून त्याच जागी नवा लिहिताय. तसं करू नका. दुरुस्ती नवीन ओळ म्हणून ठेवा, कधी केली आणि का केली तेही लिहा, आणि वर्षातून एकदा पूर्ण डेटाचा गोठवलेला संच डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक, देऊन प्रसिद्ध करा. तीन वर्षांनी एखादा समीक्षक ‘हा आकडा कुठून आला?’ असं विचारील, तेव्हा संशोधकाला तोच आकडा पुन्हा मिळाला पाहिजे.

इथपर्यंत वाचून वाटेल की लोकांना विचारलं की सगळं कळतं. तसं नाही. पृथ्वीची छायाचित्रं घेणाऱ्या लँडसॅट ह्या अमेरिकी उपग्रहांच्या प्रतिमा २००८ पासून फुकट झाल्या. त्याआधी लँडसॅट-७ चं एक दृश्य साधारण ६०० डॉलरला पडायचं. त्या काळी संशोधकांना विचारलं असतं, तर त्यांनी ‘ढग नसलेलं एक चांगलं दृश्य पटकन शोधून द्या’ असंच सांगितलं असतं, कारण त्यांना एक-दोनच परवडत होती. फुकट झाल्यावर रोजची मागणी पन्नासच्या आसपासवरून हजारांवर गेली आणि कामाची पद्धतच पालटली. लोक एकेका ठिकाणची दशकांची सगळी दृश्यं घेऊन जंगल नेमकं कुठल्या वर्षी तुटलं ते शोधू लागले. अडथळा होता तोवर हे प्रश्न कोणी विचारतच नव्हतं. तेव्हा वीस प्रश्न घ्याच, पण कोणी न मागितलेली एक वाटही मोकळी ठेवा: पूर्ण डेटा एकगठ्ठा उतरवून घ्यायची सोय आणि साधी, स्थिर एपीआय, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला थेट डेटा मागायची सोय. स्लोनवाल्यांनी पुढे कॅसजॉब्स नावाची सोय केली. तिथे वापरणारा स्वतःची लांबलचक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, रांगेत टाकू शकतो आणि उत्तर सर्व्हरवरच स्वतःच्या जागेत ठेवू शकतो. तुम्हाला सुचणार नाही असं काम दुसऱ्याला करता येतं ते अशा दारातून.

आणि नोंदी भरणाऱ्यांना विसरू नका. सेन्सर साफ करायला जाणारा तंत्रज्ञ हाही तुमचाच वापरकर्ता. माझ्या अनुभवात मेटाडेटा, म्हणजे डेटाविषयीची माहिती, अपुरा राहतो तो आळसामुळे नव्हे. पाण्यात उभं राहून, ओल्या हातांनी, नेटवर्क नसताना तीस रकान्यांचा फॉर्म भरायला लावला, तर कोणीही ‘ठीक’ एवढंच लिहील. त्याला चार बटणं द्या: साफ केला, कॅलिब्रेट केला, बदलला, बिघडलेला आढळला. सोबत फोटोची सोय द्या. वेळ आणि केंद्र फोनने आपोआप टिपावं, नेटवर्क आल्यावर माहिती आपोआप चढावी. आणि त्याच्या नोंदीमुळे कुठला डेटा सुधारला ते त्याला पोर्टलवर दिसू द्या. मी पाहिलंय, ते दिसायला लागलं की नोंदी आपणहून भरघोस होतात.

हे सगळं एका दमात होणार नाही, आणि क्रम कसा लावायचा ते तुमच्याकडे किती माणसं आहेत ह्यावर आहे. एकटेच असाल तर ईमेल वाचणं, वीस प्रश्न आणि डाउनलोडची फाइल ह्या तीनच गोष्टी घ्या, नकाशाला हातही लावू नका. हाताशी दुसरं कोणी असेल तर त्याला तंत्रज्ञांच्या फॉर्मवर बसवा. बाईंना मात्र पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. त्यांच्या डोक्यातलं जे लिहून निघेल, तेवढंच त्या निवृत्त झाल्यावर संस्थेकडे उरेल. त्यांनी ईमेलला उत्तर देणंही बंद करू नये, फक्त फाइलऐवजी पोर्टलचा दुवा पाठवावा, ज्यात केंद्र, काळ आणि घटक आधीच निवडलेले असतील. असा दुवा बनवता आला नाही, तर पुढचं काम काय ते तुम्हाला तिथेच कळेल.

राहिलं लॉगिन. बघायला आणि उतरवून घ्यायला लॉगिन नको. कोण वापरतं हे निधी देणाऱ्यांना दाखवायचं असेल, तर डीओआयचे उल्लेख आणि सर्व्हरचे लॉग पुरतात. डाउनलोडच्या पानावर ‘ह्या डेटात दुरुस्ती झाली तर कळवू का?’ असं विचारून ऐच्छिक ईमेल घ्या. लोक तो आनंदाने देतात, कारण त्यात त्यांचा फायदा असतो. एपीआयचा भार फार वाढला तर तेवढ्यापुरती नोंदणी ठेवा. अपवाद एकच: दुर्मिळ प्रजातींची नेमकी ठिकाणं किंवा कोणाची खाजगी माहिती उघड होईल असं काही तुमच्या नोंदींत असेल, तर तेवढे कॉलम परवानगीने द्या आणि खुल्या डेटात ठिकाण ढोबळ करा. असे कॉलम कोणते, ते संशोधकांकडून लेखी घ्या, आणि मग बाकीच्या डेटावरचं लॉगिन काढून टाका.